न दिसलेली इजा: माइक वेबस्टर आणि पुराव्याचा प्रश्न

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण अनुपलब्धी या प्रमाणाचा विचार केला. ‘जमिनीवर घडा नाही’ हे आपल्याला कशावरून कळते, त्या ‘नाही’चे ज्ञान कोणत्या वाटेने येते, हा तो प्रश्न. त्यावर काही श्रोत्यांनी लिहून कळवले की घडा आणि जमीन आता पुरे झाली, याचा जगण्याशी काही संबंध असेल तर तो सांगा. मागणी रास्त आहे. म्हणून आज आपण एका माणसाच्या आयुष्याकडे बघणार आहोत. हा माणूस तत्त्वज्ञ नव्हता. तो अमेरिकन फुटबॉलमधला लाइनमन होता. नाव माइक वेबस्टर. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आणि केव्हा मिळतो, हा प्रश्न त्याच्या आयुष्यात आणि मृत्यूनंतर इतक्या तीव्रतेने उभा राहिला की त्याच्यावर न्यायालयांना, डॉक्टरांना आणि शेवटी एका अख्ख्या उद्योगाला बोलावे लागले.

आधी खेळ समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. यात चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळा हातात असतो. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानावर असतात. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे असते. एकेक चाल जेमतेम काही सेकंदांची. मग सगळे थांबतात, पुन्हा रांगा लावतात, पुन्हा भिडतात. म्हणजे हा खेळ सलग वाहत नाही, तो तुकड्यातुकड्यांनी पुढे जातो, आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात धडकेने होते.

या धडकेच्या तोंडाशी असतात ते लाइनमन. चढाई करणाऱ्या संघाचे असे पाच जण एका रांगेत उभे राहतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंद मिळवून देणे, किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी वाट मोकळी करणे, हे त्यांचे काम. नेहमीच्या चालीत त्यांना पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची परवानगी नसते. गुणफलकावर त्यांचे नाव लागत नाही. आपल्याकडे कबड्डीत चढाई करणारा लोकांच्या लक्षात राहतो, साखळी धरणारे दोघे राहत नाहीत, तसेच काहीसे. फरक एवढाच की इथे साखळी धरणाऱ्याला दर चालीला समोरच्या शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाला अंगावर घ्यावे लागते.

सेंटरचे काम यातही वेगळे. तो वाकून चेंडू जमिनीवर धरतो आणि दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या हातात देतो. चाल सुरू होते ती त्याच्या या हालचालीने. बघा, म्हणजे ज्या क्षणी समोरचा त्याच्यावर झेप घेतो, त्याच क्षणी याचा एक हात चेंडू देण्यात गुंतलेला असतो. डोके पुढे, मान ताठ, एक हात मागे. पहिला आघात कुठे बसणार हे सांगायला नको.

माइक वेबस्टरचा जन्म १९५२ सालचा, विस्कॉन्सिन राज्यातला. उत्तरेकडच्या थंड मुलखात, बटाट्याच्या शेतावर तो वाढला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघातून खेळला. १९७४ साली पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाने त्याला निवडले, तेही पाचव्या फेरीत, कारण सेंटर म्हणून त्याची चण लहान समजली जात होती. त्या एका वर्षीच्या निवडीतून स्टीलर्सला पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेलेले चार खेळाडू मिळाले. वेबस्टर त्यांतला एक. शरीर लहान म्हणून त्याने ते व्यायामाने वाढवले आणि सुमारे ११५ किलोपर्यंत नेले. कडाक्याच्या थंडीतही तो उघड्या दंडांनी मैदानात उतरायचा. चालीची आखणी झाली की बाकीचे चालत रांगेकडे यायचे, हा पळत यायचा. ‘आयर्न माइक’ हे नाव त्याला असेच पडले.

पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते कारखाने डबघाईला येऊ लागले, आणि नेमक्या त्याच काळात हा संघ जिंकत होता. १९७४ ते १९७९ या सहा हंगामांत स्टीलर्सने चार वेळा सुपर बोल जिंकला. चारही संघांत वेबस्टर होता. पंधरा हंगाम तो पिट्सबर्गसाठी खेळला, शेवटचे दोन कॅन्सस सिटी चीफ्ससाठी. सतरा हंगामांत २४५ सामने. १९७४ ते १९८५ या काळात सलग १७७ सामन्यांत तो एकदाही गैरहजर नव्हता. आपण अशा आकड्याचे कौतुक करतो. कौतुक करावेच. पण त्याच आकड्याकडे पुढे वैद्यकाच्या नजरेने बघावे लागले, हे ध्यानात ठेवा.

कारण सामने हा हिशेबाचा एकच भाग. सराव वेगळा. त्या काळी सरावात ‘ओक्लाहोमा ड्रिल’ नावाचा प्रकार चालायचा. एका अरुंद पट्ट्यात दोन खेळाडू समोरासमोर उभे करायचे आणि शिटी वाजली की एकमेकांवर सोडायचे. स्टीलर्सच्या शिबिरात हा मोठ्या आवडीचा कार्यक्रम होता. व्यावसायिक लीगने तो बंद केला २०१९ साली. बचाव करणाऱ्याने समोरच्याच्या शिरस्त्राणावर हाताने सणसणीत थप्पड मारायची, हेही वेबस्टरच्या पहिल्या काही हंगामांत नियमाला धरून होते. १९७७ साली ते बंद झाले. १९७८ साली लाइनमनला हात लांब करून, उघड्या पंजाने समोरच्याला थोपवण्याची मुभा मिळाली. म्हणजे नियम बदलता येत होते, आणि बदललेही गेले. मात्र ते बदलले मुख्यतः खेळ रंगतदार व्हावा म्हणून, मेंदूचा विचार तेव्हा कोणाच्या टेबलावर नव्हता.

१९९१ च्या मार्चमध्ये वेबस्टर निवृत्त झाला. पुढच्या अकरा वर्षांचे तपशील आम्ही थोडक्यात सांगतो, कारण दुःखाचे प्रदर्शन मांडणे हा आपला हेतू नाही. त्याची स्मृती दगा देऊ लागली. पैशाचे व्यवहार कोलमडले. संसार मोडला. कधी तो आपल्या ट्रकमध्ये राहायचा, कधी रेल्वे स्टेशनवर झोपायचा. निखळलेले दात तो गोंदाने चिकटवायचा. वेदनेमुळे झोप येईना, तेव्हा विजेचा झटका देणारे यंत्र अंगाला लावून तो स्वतःला बेशुद्ध करून घ्यायचा. सरळ विचार करता यावा म्हणून रिटॅलिन हे औषध घ्यायचा आणि त्याच्या चिठ्ठ्या बनावट केल्याबद्दल १९९९ साली त्याच्यावर खटला झाला, परिवीक्षेची शिक्षा झाली. त्याच्या आधी, १९९७ साली, त्याला ‘हॉल ऑफ फेम’चा सन्मान मिळाला होता. त्या समारंभातले त्याचे भाषण लांबत गेले, भरकटत गेले. ऐकणाऱ्यांना काहीतरी बिघडले आहे हे जाणवत होते. काय बिघडले आहे, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हते.

आता पहिला वाद. खेळाडूंच्या निवृत्तिवेतनाचे एक मंडळ असते. त्यात संघमालकांचे आणि खेळाडूंचे प्रतिनिधी असतात. वेबस्टरच्या वतीने वेस्ट व्हर्जिनियातील एका वकिलाने त्या मंडळाकडे अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज केला. डॉक्टरांनी तपासले, मंडळाने स्वतः नेमलेल्या डॉक्टरांनीही तपासले. निष्कर्ष एकच: डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांनी मेंदूला इजा झाली आहे आणि हा माणूस काम करण्याच्या स्थितीत नाही. १९९९ साली मंडळाने अपंगत्व मान्य केले, आणि ते फुटबॉलमुळे आले हेही मान्य केले. मग वाद कशाचा? तारखेचा. निवृत्त होतानाच तो अपंग होता, असे मानले तर भत्ता बराच मोठा. अपंगत्व नंतर, १९९६ च्या सुमारास आले असे मानले तर भत्ता लहान. मंडळाने दुसरा पर्याय धरला.

वेबस्टर २४ सप्टेंबर २००२ रोजी, पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला. दावा त्याच्या वारसांनी चालवला. २००५ साली बाल्टिमोरच्या संघीय न्यायालयाने आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने निकाल वारसांच्या बाजूने दिला. न्यायालयांचा मुद्दा साधा होता. सर्व वैद्यकीय पुरावा एका बाजूला असताना तो बाजूला सारून मंडळाने उलट निर्णय दिला, आणि त्यासाठी पुरेसे कारण दाखवले नाही. दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम वारसांना मिळाली. ती ज्याला हवी होती तो तेव्हा नव्हता.

दुसरा वाद अधिक खोल. वेबस्टरचे शवविच्छेदन पिट्सबर्गच्या अ‍ॅलेघेनी काउंटीत झाले. ते करणारे होते डॉ. बेनेट ओमालू, नायजेरियातून आलेले तरुण विकृतिशास्त्रज्ञ. त्यांना फुटबॉलमध्ये काही रस नव्हता. वेबस्टर कोण, हे त्यांना त्या आठवड्याच्या बातम्यांवरून कळले. त्यांनी मेंदू बाहेर काढून पाहिला. वरून तो अगदी निरोगी दिसत होता. सुरकुतलेला नाही, रक्तस्रावाची खूण नाही, जखम नाही. अनेकांनी इथे काम संपवले असते. ओमालूंनी मेंदू जतन करायला लावला, त्याचे पातळ छेद घेतले, स्वतःच्या खिशातून खर्च करून त्यांच्या काचपट्ट्या करवून घेतल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तिथे दिसले ते टाउ नावाच्या प्रथिनाचे गुंते.

हे टाउ म्हणजे काय? चेतापेशीच्या आत वाहतुकीच्या बारीक नळ्या असतात. त्या नळ्यांना आधार देणारे हे प्रथिन. मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो. शिरस्त्राण कवटी फुटू देत नाही हे खरे, पण वेगाने जाणारे डोके अचानक थांबले की आतला मेंदू हलतोच. तो पिळवटला जातो, ताणला जातो. अशा आघातांनंतर टाउ आपली जागा सोडते, त्याचे गुंते होतात, आणि ते वर्षानुवर्षे पसरत जातात. खेळ थांबला तरी पसरणे थांबत नाही. शिवाय प्रत्येक आघाताने माणूस बेशुद्ध पडतो असे नाही. ज्या धडकेनंतर खेळाडू उठून पुढच्या चालीला उभा राहतो, तिचीही भर पडत जाते. या विकाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणतात, सोयीसाठी सीटीई. ओमालूंनी पिट्सबर्ग विद्यापीठातील ज्येष्ठ तज्ज्ञांना काचपट्ट्या दाखवल्या. त्यांनी निदान पक्के केले. २००५ साली ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात लेख प्रसिद्ध झाला.

आता आपला घडा आणि आपली जमीन परत आणू. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक मानत नाहीत, त्यांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो. पण एक अट दोघांनाही सोडता येत नाही. ती अट योग्यतेची. घडा असता तर मला दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच ‘दिसत नाही’ यावरून ‘नाही’ असे म्हणता येते. उजेड आहे, डोळे चांगले आहेत, मध्ये आडोसा नाही, तर मग घडा नाही हे ज्ञान खरे. काळोख्या खोलीत उभे राहून ‘घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही’ असे कोणी म्हणाले तर आपण काय म्हणू? बाबा रे, आधी दिवा लाव.

वेबस्टरच्या प्रकरणात नेमके हेच आहे. मेंदू वरून निरोगी दिसला, यावरून मेंदू निरोगी होता असे ठरत नाही, कारण टाउचा गुंता नुसत्या डोळ्याला दिसण्याजोगा नसतो. नेहमीच्या मेंदूच्या चित्रणातही सीटीईचे खात्रीचे निदान होत नाही. आजही ते मृत्यूनंतरच, ऊती तपासून होते. म्हणजे ‘काही आढळले नाही’ हे वाक्य खरे असूनही निरर्थक असू शकते. ते वाक्य ऐकले की आपला पहिला प्रश्न असा हवा: शोधले कशाने?

लीगने १९९४ साली सौम्य मेंदू-आघातांच्या अभ्यासासाठी एक समिती नेमली होती. तिचे प्रमुख संधिवाताचे डॉक्टर होते. या समितीने २००३ पासून त्याच ‘न्यूरोसर्जरी’ नियतकालिकात लेखांची मालिका प्रसिद्ध केली. सूर असा की व्यावसायिक खेळाडूंमध्ये कायमस्वरूपी हानीचा पुरावा आढळत नाही. ओमालूंचा लेख आल्यावर समितीच्या तीन डॉक्टरांनी तो मागे घेण्याची मागणी केली. नियतकालिकाने तो मागे घेतला नाही. पुढच्या वर्षी ओमालूंनी दुसरा रुग्ण मांडला, स्टीलर्सचाच लाइनमन टेरी लाँग.

इथे थोडे थांबून विचार करा. खेळाशी जोडलेले एक मंडळ १९९९ साली लिहून देते की या माणसाचे अपंगत्व फुटबॉलमुळे आले. आणि लीगची समिती त्यानंतर कित्येक वर्षे सांगत राहते की असे काही घडते याचा पुरावा नाही. दोन खोल्यांत दोन सत्ये. शिवाय मुष्टियोद्ध्यांमध्ये हा विकार असतो हे तर जुने ज्ञान होते. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ सालीच त्याचे वर्णन केले होते. १९७३ साली ब्रिटनमध्ये पंधरा निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अनुमानाला लागतो तो दृष्टान्त हातात होता. डोके तेच, आघात तसाच, हातमोज्याच्या जागी शिरस्त्राण. तरीही अनुमान कोणी केले नाही, कारण ते करणे गैरसोयीचे होते.

पण आपण दुसऱ्या बाजूलाही तितकेच कठोर राहायला हवे. २०१७ साली बोस्टन विद्यापीठाच्या गटाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई आढळला. आकडा हादरवणारा आहे. पण यावरून शंभरातल्या नव्याण्णव खेळाडूंना हा विकार होतो, असे म्हणता येईल का? नाही. हे मेंदू दान केलेले होते. ज्या घरात काही लक्षणे दिसली, तेच घर दान करण्याची शक्यता जास्त. अभ्यासकांनी स्वतःच ही मर्यादा नोंदवली आहे. व्याप्ती ठरवताना उदाहरणे कुठून आली हे विचारावेच लागते, मग निष्कर्ष आपल्या मनासारखा असो वा नसो. या अभ्यासातून एवढे पक्के होते की हा विकार या खेळाडूंमध्ये दुर्मिळ अपवाद नाही. दर किती, हे वेगळ्या पद्धतीने शोधावे लागते.

मग एक नेहमीचा आक्षेप येतो. ‘त्याने स्वतःच हा खेळ निवडला होता ना? पैसे मिळत होते, कीर्ती मिळत होती. मार लागणार हे लाइनमनला ठाऊक नसते का?’ आक्षेप हलका नाही. माणसाला आपले आयुष्य धोक्यात घालण्याचे स्वातंत्र्य असावे असे आम्हालाही वाटते. गिर्यारोहक जातो, तसा हाही जातो. पण संमती ही जाणून दिलेली असेल तरच ती संमती. गुडघे जातील, बोटे वाकडी होतील, पाठ धरेल, हे वेबस्टरला माहीत होते आणि त्याने ते पत्करले. विचार करणारा, आठवणारा, मुलांना ओळखणारा जो ‘मी’ आहे, तोच हळूहळू झिजेल, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ज्याला सांगितले गेले नाही, त्याच्या मौनाचा अर्थ होकार असा लावता येत नाही. आणि सांगण्याची जबाबदारी कोणाची? ज्याच्याजवळ साधने आहेत, डॉक्टर आहेत, नोंदी आहेत आणि ज्याचा धंदा त्या शरीरावर चालतो, त्याची.

दुसरी गोष्ट, पुराव्याची कसोटी सगळीकडे एकच नसते. शास्त्रज्ञाने सावकाश जावे, शंका घ्यावी, हा त्याचा धर्म. पण ज्याच्यापुढे आजारी माणूस अर्ज घेऊन उभा आहे, त्या मंडळाने शास्त्रज्ञाची सावधगिरी पांघरून बसणे हे सावधपण नव्हे. तिथे प्रश्न असतो की निर्णय चुकलाच तर त्याची किंमत कोण भरणार. एका बाजूला भत्त्याची काही रक्कम जास्त जाते. दुसऱ्या बाजूला माणूस स्टेशनवर झोपतो. ही दोन नुकसाने समान आहेत असे समजणे, हाच एक पक्षपात आहे.

पुढे काय झाले ते सांगून संपवतो. हजारो माजी खेळाडूंनी लीगवर दावे लावले. २०१५ साली न्यायालयाने त्यांतील तडजोड मान्य केली. तिच्यातून दिलेली रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. २०११ च्या करारापासून हंगाम चालू असताना पूर्ण पोशाखातल्या, अंगाला अंग भिडवणाऱ्या सरावांवर चौदाची मर्यादा आली. आणि मार्च २०१६ मध्ये, वेबस्टर जाऊन साडेतेरा वर्षे झाल्यावर, अमेरिकी संसदेच्या एका समितीपुढे लीगच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे असे पहिल्यांदा उघड मान्य केले.

खेळ अजून चालू आहे. लाइनमन आता वेबस्टरपेक्षाही मोठे आहेत, १३५ किलोंच्या पुढचे. दर चालीला ते वाकतात, डोके पुढे काढतात आणि भिडतात. फरक पडला तो इतकाच, की आता त्यांना सांगितले जाते. सांगितल्यावरही जो उतरतो, त्याच्या निर्णयाचा मान आपण ठेवू शकतो. न सांगता ज्याला उतरवले, त्याच्या बाबतीत मात्र ‘पुरावा नव्हता’ हे उत्तर पुरत नाही. खोलीत काळोख होता हे ठीक, पण दिवा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो किती वर्षे लावला नाही, हेही मोजावे लागते.

पुढच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणाकडे वळू. तज्ज्ञाचे म्हणणे केव्हा मानावे आणि त्याला ‘आप्त’ कोणत्या गुणांवरून ठरवावे, हा तिथला प्रश्न आहे. त्या समितीतले डॉक्टर आणि एकट्याने काचपट्ट्या पाहणारे ओमालू, दोघांनाही मनात ठेवून या.